अमेरिकेत ज्युरी ड्युटीचं समन्स आलं तर: पाकीट उघडण्यापासून चेक येईपर्यंत काय काय करायचं

ज्युरी ड्युटी म्हणजे साध्या नागरिकांनी कोर्टात बसून खटल्याचा निकाल द्यायचं काम. त्यासाठी बोलावणारं कोर्टाचं पाकीट मेलबॉक्समध्ये आलं की आपल्या लोकांकडून दोन ठरलेल्या चुका होतात. एक तर ते जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रिसायकलिंगमध्ये जातं. नाहीतर घाबरून त्याच रात्री फॉर्म उघडायचा, पटापट येस येस करत सबमिट करायचा आणि मोकळं व्हायचं. पहिल्या चुकीचा दंड होऊ शकतो. दुसऱ्या चुकीने, तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर, अमेरिकेतला मुक्कामच धोक्यात येऊ शकतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. ओळखीत कोणाला समन्स आलं की दहा जण दहा सल्ले देतात, त्यातला "इग्नोर कर, काही होत नाही" हा सगळ्यात लाडका, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

एक आधीच सांगते. नियम राज्याप्रमाणे आणि काउंटीप्रमाणे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बदलतात, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे वेगळे असतात, त्यामुळे मी इथे काहीही लिहिलं असलं तरी तुमच्या समन्सवर जे छापलंय तेच धरायचं.

## १. पाकीट दोन्ही बाजूंनी वाचा

कागद गिचमिड असतो, पण त्यात शोधायच्या गोष्टी मोजक्या आहेत: कोर्ट कोणतं, उत्तर द्यायची मुदत कधीपर्यंत, हजर राहायची तारीख कोणती, आणि तुमचा ज्युरर नंबर (ज्युरर म्हणजे ज्युरीतला माणूस). मुदत आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच घोळ होतो. तारीख दीड महिन्यावर असते म्हणून लोक कागद फ्रिजवर लावून निवांत राहतात, आणि उत्तर द्यायची मुदत कधीच उलटून जाते. फेडरल कोर्ट तर आधी नुसती प्रश्नावली पाठवतं, त्यात तारीख नसते, पण ती १० दिवसांत भरून द्यायची असते. तारीख नाही म्हणजे काम नाही असं समजू नका.

मग बघा ज्युरी कोणती आहे. नेहमीच्या ज्युरीसमोर एक खटला चालतो आणि ती निकाल देते. ग्रँड ज्युरी वेगळी, तिथे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का एवढंच ठरवायचं असतं, पण मुदत लांब असते. फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ लोक असतात आणि ती साधारण १८ महिन्यांपर्यंत चालू शकते, रोज नाही पण ठरावीक दिवशी जावं लागतं. समन्सवर ग्रँड हा शब्द असेल तर सुट्टीचं आणि ऑफिसचं नियोजन पूर्ण वेगळं करावं लागेल.

सावध राहा: "तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवलीत, तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा" असा फोन आला तर तो फ्रॉड आहे. कोर्ट फोनवर दंड मागत नाही, गिफ्ट कार्ड, झेल (Zelle, पैसे पाठवायची सेवा) किंवा बिटकॉइनने तर मुळीच नाही, आणि सोशल सिक्युरिटी नंबरही विचारत नाही. समोरचा खरा अधिकारी असल्यासारखा बोलेल, बॅज नंबर सांगेल, कॉलर आयडीवर शेरिफ ऑफिस दिसेल, तरीही फोन ठेवा आणि कोर्टाच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा.

## २. तुम्ही पात्र आहात का, हे फॉर्मला हात लावायच्या आधी ठरवा

समन्स आलं म्हणजे सरकारने तुमचं सगळं तपासून बोलावलंय असं अजिबात नाही. नावं याद्यांमधून निघतात. मतदार यादी असते, ड्रायव्हिंग लायसन्सची यादी असते, न्यूजर्सीसारख्या राज्यात तर स्टेट इन्कम टॅक्स भरणाऱ्यांचीही यादी असते. लायसन्स एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याकडेही असतं आणि टॅक्सही तो भरतोच, म्हणून त्याच्या घरी समन्स येतं. ते चुकीने आलं असलं तरी उत्तर द्यायचंच असतं.

फेडरल कोर्टाच्या अटी अशा: अमेरिकेचे नागरिक, वय किमान १८, त्या डिस्ट्रिक्टमध्ये मुख्यतः एक वर्ष राहिलेले, फॉर्म नीट भरता येईल इतकं इंग्रजी, आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा किंवा चालू खटला नसलेले. राज्यांच्या अटी थोड्या इकडेतिकडे होतात पण नागरिकत्वाची अट सगळीकडे आहे.

आता आपल्या लोकांच्या केसेस एकेक करून.

एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, स्टुडंट व्हिसा: पात्र नाही. ग्रीन कार्ड: पात्र नाही, मग ते वीस वर्षं जुनं असलं तरी नाही. सिटिझनशिपचा अर्ज टाकलाय, इंटरव्ह्यू पास झालाय, फक्त ओथ (नागरिकत्वाची शपथ) बाकी आहे: अजूनही नागरिक नाही. या शेवटच्या गटातले लोक हमखास चुकतात, "झालंच की आता" म्हणून येस करतात. ओथ होईपर्यंत उत्तर नो. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलेले: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, ओसीआय हे भारताचं नागरिकत्व नाही, त्यामुळे तुम्ही पात्र आहात आणि ओसीआयचं कारण सांगून सुटका होत नाही.

सगळ्यात मोठी वॉर्निंग: नागरिक नसताना "मी अमेरिकेचा नागरिक आहे" असं सरकारी फॉर्मवर लिहून देणं इमिग्रेशन कायद्यात फार गंभीर धरतात. यावरून पुढचा ग्रीन कार्डचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो, डिपोर्टेशनची केस उभी राहू शकते, आणि माफीची सोय जवळपास नाही. सिटिझनशिपच्या अर्जात तर सरळ प्रश्नच असतो की तुम्ही कधी स्वतःला नागरिक म्हणून सांगितलंय का. ज्युरीच्या फॉर्मवरचा तो एक चौकोन त्या उत्तराला कायमचा चिकटतो.

चुकून येस होऊन फॉर्म गेला असेल तर गप्प बसू नका. लगेच ज्युरी ऑफिसला लेखी कळवा की चूक झाली, मी नागरिक नाही, त्या पत्राची किंवा ईमेलची कॉपी जपून ठेवा आणि पुढचा कोणताही इमिग्रेशन अर्ज भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. स्वतःहून आणि वेळेत केलेली दुरुस्ती आणि नंतर पकडली गेलेली चूक यात फार फरक पडतो.

आणि याची उलटी चूक. नागरिक आहात, पण ड्युटी टाळायला "नागरिक नाही" वर टिक केलीत. एक तर हे खोटं स्टेटमेंट आहे. शिवाय टेक्सससारख्या राज्यात अशा उत्तरांची यादी मतदार नोंदणीच्या ऑफिसला जाते, म्हणजे तुमच्या मतदार नोंदणीवर प्रश्न येतो आणि मग नागरिकत्वाचे कागद दाखवत बसावं लागतं. एका दिवसाच्या ड्युटीसाठी हे कोणी ओढवून घेऊ नये.

### आईवडिलांच्या नावाने समन्स आलं तर

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण हा फॉर्म बहुतेक घरात मुलगा किंवा सूनच भरते. आईबाबा ग्रीन कार्डवर असतील तर उत्तर सोपं, नागरिक नाही. पण ५५ वर्षांवरचे आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड असलेले, किंवा ५० वर्षांवरचे आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असलेले लोक इंग्रजीची परीक्षा न देता, सिव्हिक्सचे (अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार) प्रश्न आपल्या भाषेत सोडवून नागरिक होऊ शकतात. अशा आजी-आजोबांना समन्स आलं तर नागरिक हा प्रश्न येस, आणि इंग्रजीच्या प्रश्नावर खरं ते लिहायचं, म्हणजे कोर्टाचं कामकाज समजेल इतकं इंग्रजी येत नाही. बहुतेक राज्यांत एवढ्याने नाव कमी होतं (न्यू मेक्सिको अपवाद आहे, तिथे इंग्रजी न येणाऱ्या ज्युररला दुभाषा देतात).

वय झालं म्हणजे आपोआप सूट, असंही नाही. न्यूजर्सीत ७५ पूर्ण असतील तर मागता येते, मॅसॅच्युसेट्समध्ये ७० पासून, पण मागावी लागते, त्यासाठी चौकोनात टिक करावी लागते. मुलांनी फॉर्म भरला तर दुसऱ्याच्या वतीने भरला हे नमूद करायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. आई किंवा बाबा भारतात असतील आणि सहा महिने येणार नसतील तर तेही कळवायचं, घर बंद म्हणून समन्स तसंच पडू द्यायचं नाही.

### ब्रिटनमधल्या मंडळींनी हा भाग त्यांच्याकडे लावू नये

इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्युरी मतदार यादीतून निघते, वय १८ ते ७५, आणि १३ व्या वर्षानंतर कधीही सलग किमान पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. भारतीय पासपोर्टवाले कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तिथे मतदार होऊ शकतात. म्हणजे भारतीय पासपोर्ट असूनही तिथलं समन्स बरोबर असू शकतं आणि जावं लागतं. अमेरिकेतल्या भावाने "मी नो लिहिलं, तूही लिही" सांगितलं म्हणून तसं करू नका.

## ३. फॉर्म भरणं

आता बसा. समन्स समोर, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड हाताशी, आणि घाई नसलेला अर्धा तास. फोनवर नको, लॅपटॉपवर भरा, कारण छोट्या स्क्रीनवर चुकीचा गोल दाबला जातो.

लॉगिनला ज्युरर नंबर आणि बहुतेक ठिकाणी जन्मतारीख लागते. नाव समन्सवर आहे तसंच ठेवा, स्पेलिंग चुकलं असेल किंवा वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून अर्धवट छापलं असेल तर दुरुस्तीच्या जागी बरोबर लिहा. पत्ता बदललाय आणि दुसऱ्या काउंटीत गेलात तर ते कळवा, जुन्या काउंटीतून नाव निघेल.

अपात्र असाल तर अपात्रतेचा चौकोन निवडून पुढे जा. काही काउंट्या ग्रीन कार्डची किंवा व्हिसाची कॉपी मागतात, काहींना सही पुरते. मागितली तर द्या, नसेल मागितली तर उगाच सगळी फाइल अपलोड करू नका.

सबमिटच्या आधी तपासा: नागरिकत्वाच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. प्रश्न कधी "तुम्ही नागरिक आहात का" असा असतो आणि कधी "तुम्ही नागरिक नाही आहात का" असा उलटा, आणि सवयीने येस दाबणारे तिथेच फसतात. सबमिट झाल्यावर कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट घ्या, पीडीएफ सेव्ह करा. पोस्टाने पाठवत असाल तर आधी फोटो काढा. ही कॉपी पुढे कितीही वर्षांनी लागू शकते, ती इमिग्रेशनच्या फाइलमध्येच ठेवा.

नागरिक असाल आणि उत्तरच दिलं नाही तर? फेडरल कोर्टात १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा कम्युनिटी सर्व्हिस अशी तरतूद आहे, कॅलिफोर्नियाच्या समन्सवर १,५०० डॉलरपर्यंत दंड असं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा बहुतेक वेळा दुसरी नोटीसच येते हे खरं, पण त्या भरवशावर राहायचं कशाला, जेव्हा एक पोस्टपोनमेंट इतकी सहज मिळते.

## ४. जमत नसेल तर तारीख बदला, सूट मागत बसू नका

पोस्टपोन म्हणजे नंतर येतो, एक्स्क्यूज म्हणजे येऊच शकत नाही. पहिली बहुतेक कोर्टांत ऑनलाइन दोन क्लिकमध्ये मिळते, दुसरीला कारण आणि कागद लागतात. आपले लोक सरळ एक्स्क्यूज मागतात, "ऑफिसमध्ये रिलीज आहे" असं कारण लिहितात, ते नाकारलं जातं आणि मग तारीख बदलायची वेळही निघून गेलेली असते.

भारताचं तिकीट काढलंय? पोस्टपोन, आणि मागितली तर तिकिटाची कॉपी. लहान बाळ अंगावर पितंय? कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत याच कारणाने पुढे ढकलता येतं. मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे? सुट्टीतली तारीख घ्या. ऑपरेशन, दीर्घ आजार, घरात एकट्यानेच सांभाळावं लागणारं माणूस, इथे मात्र डॉक्टरच्या पत्रासह एक्स्क्यूज मागायला हरकत नाही.

नवी तारीख निवडताना कॅलेंडर उघडून बसा, कारण दुसरी पोस्टपोनमेंट सहजासहजी देत नाहीत. ढकलायचं म्हणून लोक डिसेंबर अखेर निवडतात आणि मग आठवतं की तेव्हाच पुण्याला जायचं आहे.

तपासा: पोस्टपोनमेंटची विनंती केली म्हणजे ती मंजूर झाली असं नाही. मंजुरीचं ईमेल किंवा नवं समन्स येईपर्यंत जुनीच तारीख तुमच्यावर बंधनकारक आहे.

## ५. ऑफिस, पैसे आणि घर

समन्स आल्याच्या आठवड्यातच मॅनेजर आणि एचआरला कॉपी पाठवा. ज्युरी ड्युटीमुळे नोकरीवरून काढणं किंवा धमकावणं फेडरल कायद्याने मना आहे, राज्यांचेही असेच कायदे आहेत. पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असा देशभराचा नियम प्रायव्हेट कंपन्यांना नाही, बऱ्याच कंपन्या देतात, पॉलिसी बघून घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस कंपनीनेच पगार द्यायचा असतो. आणि आयटीतल्या पगारदार, म्हणजे ओव्हरटाइम न मिळणाऱ्या लोकांसाठी एक कामाची गोष्ट: त्या आठवड्यात तुम्ही थोडंही काम केलं असेल तर ज्युरीच्या गैरहजेरीसाठी पगार कापता येत नाही, कोर्टाने दिलेली फी तेवढी वळती करता येते.

कोर्टाचा भत्ता पगाराच्या जवळपासही नसतो. फेडरल कोर्ट दिवसाला ५० डॉलर देतं, न्यूजर्सीत पहिले तीन दिवस ५ डॉलर आणि मग ४०, कॅलिफोर्नियात साधारणपणे पहिला दिवस काहीच नाही आणि दुसऱ्यापासून १५. टॅक्सीने जाणाऱ्याचं यात भागणार नाही, त्यामुळे पार्किंग आणि ट्रेनचं आधी बघा. मुलांना शाळेतून आणायला दुसरं कोणीतरी ठरवून ठेवा, कोर्ट पाचला सुटेल असं धरा आणि वाटेतलं ट्रॅफिक वर.

## ६. आदल्या संध्याकाळी

हे विसरणारे खूप. अनेक काउंट्यांत तुमचा ग्रुप नंबर असतो, आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी पाचनंतर वेबसाइटवर किंवा फोनवर बघायचं असतं की उद्या तो ग्रुप यायचाय का. कॅलिफोर्नियात असं आठवडाभर रोज बघावं लागू शकतं. न बघता गेलात तर फुकट फेरी, न बघता घरी राहिलात तर गैरहजेरी. फोनला रोजचा अलार्म लावा.

## ७. कोर्टाचा दिवस

बरोबर घ्या: समन्स, फोटो आयडी, पुस्तक, चार्जर, पाण्याची बाटली, आणि स्वेटर, कारण उन्हाळ्यातही त्या हॉलमध्ये एसी कडक असतो. डबा नेता येतो का ते साइटवर लिहिलेलं असतं, शाकाहारी असाल तर नेलेला बरा, कोर्टाच्या कॅफेटेरियात चिप्स आणि सॅलडपलीकडे फारसं काही मिळेल असं धरू नका. किचेनला अडकवलेली छोटी सुरी, पर्समधली कात्री, स्विस नाइफ घरी काढून ठेवा, सिक्युरिटीत काढून घेतात. काही फेडरल कोर्टांत फोनही आत नेऊ देत नाहीत. कपडे ऑफिसला घालतो तसे, शॉर्ट्स आणि स्लिपर नको.

समन्सवरच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, सिक्युरिटीची लाइन मोठी असते. चेक-इन झालं की मोठ्या हॉलमध्ये बसवतात, व्हिडिओ दाखवतात, आणि मग थांबायचं. कधी दोन तास, कधी दिवसभर. तुम्ही तिथे बसलेले असताना खाली दोन्ही बाजूंची तडजोड होते किंवा आरोपी गुन्हा कबूल करतो आणि केस संपते, तुम्हाला कोणी बोलावतही नाही. तरी तो दिवस धरला जातो.

नाव पुकारतात तेव्हा नीट लक्ष द्या. क्लार्क आपलं आडनाव कसं उच्चारेल सांगता येत नाही, देशपांडेचं भलतंच काहीतरी होतं आणि माणूस शेजारी बसून ऐकत राहतो की कोण बुवा हा. म्हणून ज्युरर नंबर पाठ ठेवा आणि कानात इअरफोन घालून बसू नका.

काही कोर्टांत निवड झूमवरही होते. तेव्हाही ते कोर्टच आहे. बंद खोली, कॅमेरा चालू, बाजूला ऑफिसचा मॉनिटर नको, गाडीत बसून तर नकोच.

## ८. निवड: इथे खरं बोलायचं, आणि तोंडाने बोलायचं

हॉलमधून एक गट कोर्टरूममध्ये नेतात. शपथ होते. जज केस थोडक्यात सांगतात आणि किती दिवस चालेल ते सांगतात. खरोखर अडचण असेल, म्हणजे तीन आठवडे पगाराशिवाय निभावणार नाही, ऑपरेशनची तारीख आहे, तर ती सांगायची वेळ हीच.

मग प्रश्न. काय काम करता, नवरा किंवा बायको काय करते, घरात कोणी पोलीस आहे का, तुमच्यावर किंवा घरच्यांवर कधी गुन्हा घडलाय का, कधी केस केलीय का, पोलिसाच्या साक्षीवर इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का, बातम्या कुठे वाचता. न्यूजर्सीत गाडीवर कुठलं स्टिकर आहे का हेही विचारतात. वाटतं काय विचारतायत, पण त्यातून माणसाचा कल समजतो म्हणून विचारतात. भारतात घडलेल्या गोष्टीही यात येतात. तिकडे घरी चोरी झाली होती, काका फौजदार होते, जमिनीची केस पंचवीस वर्षं चालू आहे, हे सगळं सांगायचं. "ते इंडियातलं, इथे काय संबंध" असा विचार करून गाळू नका.

मान हलवून उत्तर देऊ नका. आपली होकाराची मान इथल्या लोकांना नकारासारखी दिसते, आणि शिवाय कोर्ट रिपोर्टर फक्त बोललेलं टाइप करते, मान तिच्या कागदावर येत नाही. येस किंवा नो स्पष्ट म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, यात लाज कसली. वकिलांचं इंग्रजी वेगळंच असतं, इथे जन्मलेलेही विचारतात. खाजगी गोष्ट असेल, घरातला हिंसाचार किंवा जुना आजार, तर सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही, "जजशी बाजूला बोलायचं आहे" असं सांगा, परवानगी देतात.

करू नका: सुटण्यासाठी "मला सगळेच आरोपी दोषी वाटतात" असलं काही बोलू नका. तुम्ही शपथेवर आहात, जज पुढचे प्रश्न विचारून खोलात जातात, आणि कधी कधी मुद्दाम दिवसभर बसवून ठेवतात.

वकील दोन प्रकारे नाव वगळतात. एक, कारण सांगून, पक्षपात दिसला म्हणून, याला मर्यादा नाही. दोन, कारण न सांगता, ठरावीक संख्येत. ॲरिझोनाने हा दुसरा प्रकार २०२२ पासून बंद केला, बाकी बहुतेक ठिकाणी आहे. वंश किंवा लिंग बघून वगळायला सुप्रीम कोर्टाची मनाई आहे. वगळलं तर मनाला लावून घेऊ नका, केस वैद्यकीय चुकीची असेल आणि तुमचे मिस्टर डॉक्टर असतील तर वगळणारच.

## ९. निवड झाली, केस सुरू झाली

आता सगळ्यात कडक नियम: केसबद्दल कोणाशीही बोलायचं नाही आणि काहीही शोधायचं नाही. घरी नवऱ्याशी नाही, आईला व्हिडिओ कॉलवर नाही. "ज्युरीवर आहे, अमुक दिवस लागतील" इतकंच. गुगल नाही, अपघाताचा चौक मॅपवर बघणं नाही, औषधाचं नाव एआयला विचारणं नाही, वकिलांचं लिंक्डइन नाही. आपल्यातल्या इंजिनिअर लोकांना हे जड जातं, एखादी टेक्निकल गोष्ट साक्षीदार चुकीची सांगतोय असं वाटलं की हात शिवशिवतात. पण एका ज्युररच्या सर्चमुळे अख्खी केस रद्द होऊन पहिल्यापासून चालवावी लागू शकते, त्यात आरोपीचे आणि पीडिताचे महिने जातात. शंका असेल तर चिठ्ठी लिहून कोर्ट ऑफिसरमार्फत जजकडे द्या.

साक्षीदार मराठी, हिंदी किंवा गुजरातीत बोलला आणि तुम्हाला ती भाषा येत असेल तर? तरी दुभाषा इंग्रजीत जे सांगेल तोच पुरावा. सगळ्या ज्युररसमोर एकच पुरावा असायला हवा, म्हणून. भाषांतरात मोठी चूक झाली असं वाटलं तर जजला चिठ्ठी, ज्युरी रूममध्ये "तो खरं म्हणजे असं म्हणाला" असं सांगत बसू नका.

वही देतात का ते जजवर असतं. दिली तर ती कोर्टातच ठेवायची. आणि आरोपी स्वतः साक्ष द्यायला उभा राहिला नाही म्हणून "काहीतरी लपवतोय" असं धरता येत नाही, हे जज सांगतात तरी लोक विसरतात.

## १०. ज्युरी रूम

फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत बहुधा पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. हे दोन माप एकमेकांत मिसळू नका. गंभीर फौजदारी खटल्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांनाही लागू केलं. दिवाणीत राज्याप्रमाणे, न्यूजर्सीत सहापैकी पाच, कॅलिफोर्नियात बारापैकी नऊ.

आधी फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, निवडतात. बसल्या बसल्या लगेच हात वर करून मत घेऊ नका, एकदा हात वर केला की माणूस त्या मताला धरून बसतो. आधी जजनी दिलेल्या सूचना वाचा, प्रत्येक आरोपाला काय काय सिद्ध व्हायला हवं ते बघा, मग पुरावा त्यावर लावा. साक्ष आठवत नसेल तर ती पुन्हा वाचून दाखवायची मागणी करता येते.

आणि बोला. आपण मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांसमोर गप्प बसतो, "एवढे सगळे म्हणतायत तर असेल" म्हणतो, शुक्रवारी संध्याकाळी तर लवकरच पटतं. तुम्हाला शंका असेल तर ती नेमकी कशाबद्दल आहे ते सांगा, समोरच्याचं ऐका, पटलं तर मत बदला, पण घरी जायला मिळावं म्हणून बदलू नका. समोर कोणाची तरी दहा वर्षं आहेत. शिक्षा किती होईल हा विचार बहुतेक खटल्यांत तुमच्याकडे नाही, ते जज बघतात.

## ११. सुटल्यावर

निघताना हजेरीचं सर्टिफिकेट मागून घ्या, एचआरला तेच लागतं. निकालानंतर तुम्ही केसबद्दल बोलू शकता किंवा नाही म्हणू शकता, वकिलाचा फोन आला तरी उत्तर द्यायची सक्ती नाही. ग्रँड ज्युरीतलं मात्र आत जे झालं ते बाहेर सांगायचं नाही.

चेक काही आठवड्यांनी पोस्टाने येतो. ती रक्कम इन्कम म्हणून टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायची, आणि कंपनीने पगार देऊन ती फी तुमच्याकडून घेतली असेल तर तेवढी वजावट घेता येते.

सर्टिफिकेट स्कॅन करून ठेवा. न्यूजर्सीत एकदा ड्युटी केली की त्याच काउंटीत तीन वर्षं सूट मागता येते, अनेक फेडरल कोर्टांत दोन वर्षं, कॅलिफोर्नियात किमान एक. फेडरल आणि स्टेटच्या याद्या वेगळ्या असतात, एकीकडे केलेली ड्युटी दुसरीकडे आपोआप दिसत नाही, त्यामुळे या काळात दुसरं समन्स आलं तर गप्प राहू नका. उत्तर मुदतीतच द्यायचं, आधी ड्युटी केल्याचा चौकोन असेल तर तो निवडायचा आणि सर्टिफिकेटची कॉपी जोडायची.